लिनक्सला ब्लूटूथ कसे उमगले?

ब्लूटूथचा बोटाच्या पेराएवढा डोंगल आता बाजारात अगदी स्वस्तात मिळतो. तो संगणकात खोचला की बिनतारी कळफलक, माऊस, कानावरचा हेडसेट हे सारे चालू व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. संगणकावर लिनक्स असेल तर ती बहुधा पुरी होते. कधी मात्र डोंगल खोचूनही काहीच घडत नाही. मग आपण लिनक्सला नावे ठेवून मोकळे होतो. दोष नेमका कोणाचा, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

मोबाइल फोन आणि त्याची जोड-उपकरणे यांच्यामधली तार काढून टाकावी, या हेतूने स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ साली हे काम सुरू झाले. १९९८ साली एरिक्सन, इंटेल, आयबीएम, नोकिया व तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या आणि पुढच्याच वर्षी पहिले प्रमाणक प्रसिद्ध झाले. (दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याचे नाव इंटेलच्या जिम कारडॅक यांनी केवळ तात्पुरते म्हणून सुचवले होते. ते कायमचे चिकटले.) २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ७९ वाहिन्या आणि सेकंदाला १६०० उड्या, अशी ही रेडिओची शिवाशिवी असते.

या उड्या संगणक मारत नाही, डोंगलमधली चिप मारते. संगणक तिला ठरावीक सांकेतिक आज्ञा देतो आणि तिच्याकडून आलेली उत्तरे खरी मानून चालतो. ‘तू कोणाची? तुझी आवृत्ती कोणती? तुला काय काय येते?’ असे प्रश्न सुरुवातीलाच विचारले जातात. हा विश्वासाचा व्यवहार लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

लिनक्ससाठी आरंभी एक नव्हे, अनेक संच होते. ॲक्सिस या लुंडमधल्याच कंपनीचा ओपनबीटी, आयबीएमचा ब्लूड्रेकर, पुढे नोकियाचा ॲफिक्स. क्वालकॉम कंपनीत मॅक्स क्रास्न्यान्स्की यांनी लिहिलेला ब्लूझेड हा संच मे २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्याच्या २.४.६ या आवृत्तीत सामावला गेला. संगणकाच्या जाळ्यासाठी लिनक्समध्ये जी व्यवस्था आधीपासून होती, तिच्याच धर्तीवर तो रचलेला होता. पुढे त्याची धुरा जर्मनीच्या मार्सेल होल्टमन यांच्याकडे आली.

खरा घोळ झाला तो आवाजाचा. ब्लूटूथवरून आवाज दोन तऱ्हांनी जातो. गाणी ऐकण्याची तऱ्हा एकमार्गी, पण दर्जा चांगला. बोलण्याची दुमार्गी, तिच्या मूळ रूपात आवाजाचे सेकंदाला अवघे ८००० नमुने घेतले जातात, म्हणजे जुन्या टेलिफोनइतके. मायक्रोफोन सुरू करताच हेडसेटमधले गाणे एकाएकी घोगरे होते, त्याचे मूळ इथे आहे. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ब्लूझेडच्या ५व्या आवृत्तीने बोलण्याची तऱ्हा आपल्या अंगावरून काढली व टेलिफोनीचे काम ओफोनो या वेगळ्या आज्ञावलीवर सोपवले. विचार चुकीचा नव्हता. पण डेस्कटॉपवर ओफोनो सहसा नसेच! डिसेंबर २०१३ च्या फेडोरा २० मध्ये नवा ब्लूझेड आला आणि कालपर्यंत बोलणारे हेडसेट मुके झाले. पल्सऑडिओ या ध्वनिव्यवस्थेने २०१५ च्या ६.० आवृत्तीत ही उणीव स्वतःच भरून काढली. उबुंटूने मात्र २०१५ च्या उत्तरार्धापर्यंत जुन्या ब्लूझेडलाच धरून राहणे पसंत केले. आमच्या मते हा सावधपणा शहाणपणाचा होता. दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे द्यायचे तर तो खांदा जागेवर आहे ना, हे आधी पाहावे लागते. नंतर विम टायमन्स यांची पाइपवायर ही व्यवस्था आली. फेडोराने ती २०२१ साली, उबुंटूने २०२२ साली आवाजासाठी स्वीकारली आणि ही कटकट बरीच कमी झाली.

आता त्या न चालणाऱ्या डोंगलकडे वळू. ब्रिटनमधील केंब्रिज सिलिकॉन रेडिओ या कंपनीच्या चिपा एके काळी सर्वत्र असत. (गंमत म्हणजे २०१५ साली क्वालकॉमनेच ही कंपनी विकत घेतली.) त्या चिपांच्या नकला निघाल्या. नकली चिप तोच ओळख-क्रमांक सांगते आणि ‘मला अमुक येते’ असेही बेधडक सांगते; प्रत्यक्ष ती आज्ञा दिली की अडते. प्रमाणकाबरहुकूम चालणारी आज्ञावली इथे फसणारच.

तेव्हा लिनक्सच्या तंत्रज्ञांनी उलटतपासणीचा मार्ग धरला. अस्सल चिपच्या कोणत्या अंतर्गत क्रमांकाशी ब्लूटूथची कोणती आवृत्ती जुळते, याची कोष्टके त्यांनी २०२० साली ड्रायव्हरमध्ये घातली. क्रमांक जुना आणि आवृत्ती नवी, असे उत्तर आले की चिप नकली. तिला हाकलून दिले जात नाही; ती जे करू शकत नाही ते तिला विचारायचे नाही, एवढेच. काही नकला तर सुरू होताच गोठतात. त्यांच्यासाठी ड्रायव्हर निराळी युक्ती करतो. डोंगल खोचल्यावर तो त्याला एकदा झोपवतो, पुन्हा उठवतो, आणि मग कामाला लावतो.