रेटिना आणि तिची डबी

35 मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याचं कूळ शोधणारे बहुतेक जण लायकापाशी थांबतात. ओस्कार बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म आडवी चालवली, 24 बाय 36 मिलिमीटरची चौकट रूढ केली आणि 1925 मध्ये लायका बाजारात आला, याबद्दल वाद नाही. पण हौशी माणसाच्या कॅमेऱ्याची वंशावळ, माझ्या मते, 1934 च्या अखेरीस आलेल्या कोडॅक रेटिनापासून मांडायला हवी. ती घडली स्टुटगार्टला, ऑगुस्ट नागेल यांच्या कारखान्यात. झाइस इकॉनमधून 1928 मध्ये बाहेर पडून त्यांनी तो उभारला आणि पुढे काही वर्षांतच कोडॅकने विकत घेतला. श्नायडरचं क्सेनार भिंग, कॉम्पुर शटर, मिटवला की कोटाच्या खिशात मावेल असा देह आणि किंमत 75 मार्क. लायकाला याहून कितीतरी जास्त पैसे पडत. मात्र अंतर अंदाजानेच ठरवावं लागे, ही उणीव खरी.

तरीही रेटिनाचं मोठेपण मला किमतीपेक्षा तिच्यासोबत आलेल्या डबीत दिसतं. लायकावाल्याला एरवी काळोखात बसून स्वतःच्या डबीत फिल्म भरावी लागे. कोडॅकने फिल्म भरलेली तयार डबीच विकायला काढली: भर उजेडात कॅमेऱ्यात बसवा, फोटो काढून झाले की फिल्म आत गुंडाळा आणि डबी धुलाईला द्या. कोणी म्हणेल, उजेडात भरायच्या गुंडाळ्या त्याआधीही मिळत होत्या. मिळत होत्या, पण टिकली ती हीच डबी, आणि त्याचं कारण तिच्या मापात आहे. ती लायका आणि कॉन्टॅक्समध्येही बसेल अशी घडवली होती. 135 क्रमांकाने आजही विकला जातो तो रोल हाच.

दुसरा आक्षेप दर्जाचा. मधल्या किमतीचं यंत्र म्हणजे तडजोड, असं अनेकांना वाटतं. 1953 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनझिंग यांचा फोटो हिलरी यांनी काढला, तो रेटिनानेच. तिथली थंडी आणि हातातले मोजे लक्षात घेता हा पुरावा हलका नाही. बार्नाक यांचं श्रेय याने तसूभरही कमी होत नाही. मात्र लायकाच्या मालकांनीसुद्धा पुढे फिल्म विकत घेतली ती रेटिनासाठी काढलेल्या डबीतूनच.