नाडा, कडी आणि पाच सुती गज

विहिरींवर मोटा चालायच्या त्या काळात आमच्या जुन्नर-आंबेगावकडं नागपंचमीच्या झोक्यासाठी कुणी दोर विकत आणत नसे. श्रावणात पाऊस लागलेला असायचा, मोट बंद असायची आणि तिचा नाडा पडवीत खुंटीला लोंबकळत असायचा. नाडा म्हणजे मोटेच्या तोंडाला बांधायचा जाड दोर. सोंडेला बांधायचा बारका दोर तो सोंदूर. पाण्यानं भरलेली चामड्याची मोट विहिरीच्या तळातून वर येताना बैलांची सगळी ओढ नाड्यावर यायची. हिवाळा-उन्हाळाभर ज्यानं ती ओढ सोसली, तो दोन बायांचं वजन सोसणारच, असा सरळ हिशोब होता.

हा हिशोब कुणी डोळे मिटून मात्र करत नसे. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाक काढून दोर वळायचं काम गावच्या मातंग कुटुंबाकडं असायचं आणि झोका टांगायच्या आधी त्यांच्यातल्याच कुणा जाणत्याला बोलवत. तो दोराचा पीळ हातानं उलटा फिरवून आतली लड बघायचा. वरून दोर कितीही झिजलेला, केसाळ दिसो, त्याची त्याला फिकीर नसे. आत लड पांढरी-पिवळी असली तर चांगली. काळी पडलेली, चुरा होणारी असली तर "ह्यो गुरं बांधाया ठेवा" म्हणून नाडा बाजूला टाकायचा. दोर आतून कुजतो, ही गोष्ट आजही लोकांच्या ध्यानात येत नाही. नायलॉनचं उलट आहे. तो कुजत नाही, उन्हानं वरून मरतो. हाताला भुसभुशीत, काटेरी लागायला लागला की त्याचा भरवसा धरू नये.

झाड ठरलेलं असायचं. चिंच किंवा आंबा. जांभळाच्या फांदीला आमच्याकडं कुणी झोका बांधत नसे, कारण ती कडकन मोडते. शेवग्याचं तर नावच नको. फांदीवर आधी गोणपाटाची घडी टाकायची, मग दोराचे दोन वेढे घ्यायचे. गोणपाटानं साल वाचते आणि दोरही वाचतो. एका दिवसापुरतं हे ठीक. पण अंगणातल्या झाडाला बारा महिने झोका ठेवायचा असेल तर वेढा हा झाडाचा शत्रू. फांदी जाड होत जाते आणि दोर तिच्यात रुततो. त्यापेक्षा फांदीतून आरपार भोक पाडून डोळ्याचा बोल्ट घालणं झाडाला बरं, हे ऐकायला क्रूर वाटतं खरं. एका भोकाभोवती झाड साल वाढवून घेतं, पण गळ्याभोवतीचा फास त्याला भरून काढता येत नाही.

नागपंचमीचा झोका बायांचा होता, हे इथं सांगायला पाहिजे. माहेरी आलेल्या लेकी दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवायच्या. चढवायच्या म्हणजे किती? झोका मधल्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत वर गेला, तर खाली येताना तळाशी दोरावर वजनाच्या दुप्पट ओढ पडते. आडव्या फांदीच्या बरोबरीनं गेला तर तिप्पट. दोघी मिळून १०० किलो धरल्या तर नाड्यावर २०० ते ३०० किलो. हे गणित त्या जाणत्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण तो मोटेचाच नाडा मागायचा, कासरा कधी चालवून घ्यायचा नाही.

घरातला झोपाळा ही वेगळी जात. तो वाड्यात, किंवा ज्यांच्या घराला ऐसपैस ओसरी आहे त्यांच्याकडं. त्यावर बसणारे घरातले कर्ते पुरुष, आलेले पाहुणे, हिशोबाला आलेला कुणी. सून सासऱ्यादेखत त्यावर बसत नसे. चैत्रात गौर झोपाळ्यात बसवायची, तोही पितळेचा छोटा, देवघरापुढचा. मोठा झोपाळा बाईनं पुसायचा आणि पुरुषानं वापरायचा, अशी एकूण रीत.

या झोपाळ्याला दोर नसे, कड्या असत. आता 'कडी' या शब्दानं घोटाळा होतो. जुन्या घराच्या छताला आपण कडीपाट म्हणतो, त्यातली कडी म्हणजे लाकडाची बारकी आडवी दांडी, जिच्यावर पाट अंथरतात. झोपाळा त्या कडीला टांगायचा नसतो. तो टांगायचा तुळईला, दोन खांबांवर बसलेल्या जाड लाकडाला. सुतार तुळईला गिरमिटानं आरपार भोक पाडायचा. लोहार गज तापवून एका टोकाला डोळा वळायचा, दुसरं टोक भोकातून वर काढायचा आणि वर लोखंडी चकती ठेवून ते टोक तापलेलं असतानाच ठोकून बोंडासारखं पसरवायचा. म्हणजे सगळं वजन तुळईच्या वरच्या अंगावर बसायचं. खालून आटे फिरवून घट्ट केलेला हूक लाकडाच्या दोऱ्यांना नुसता धरून असतो. डोलून डोलून तो एक दिवस सुटतो. एवढा एक फरक ज्याला कळला त्याला झोपाळा टांगता येतो.

कड्यांसाठी लोखंड बरेचदा बैलगाडीचं असायचं. चाकाची धाव झिजली की ती लोहाराकडं परत जायची आणि तिच्यातून कोयते, विळे, पहारीची टोकं निघायची, तशा झोपाळ्याच्या कड्याही. पितळी कड्या ही पैशेवाल्यांची चीज, शहरातून आणलेली. पितळ गंजत नाही, आवाजही गोड. पण लोखंडाच्या मानानं लवकर झिजतं. कडीत कडी जिथं घासते तिथं आतून बोट फिरवून बघायचं. खळगा लागला की ती कडी उतरवायची. कुरकुर ऐकू यायला लागली की गाडीच्या आसाला घालायच्या वंगणातलं बोटभर तिथं लावायचं.

माझं आजोळ घोड नदीच्या वरच्या खोऱ्यात, जे आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कुकडी प्रकल्पातली धरणं पाच. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि हे डिंभे. त्यातलं डिंभे २००० सालच्या आसपास पुरं झालं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते जुनं आंबेगाव याच जलाशयात गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्याच्या खुणा वर दिसतात. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवे झाले ते.

आजोळचं घर काही वाडा नव्हता. चार खणांचं कौलारू घर, पुढं ओसरी, ओसरीत झोपाळा. घर उतरवताना माणसं काय काय नेतात हे बघण्यासारखं असतं. कौलं, वासे, दारं, चौकटी, जातं. मामानं तुळई नेली नाही, तिला वाळवी लागली होती. पण तुळई कापून डोळ्याचे दोन्ही गज सोडवून घेतले आणि चारी कड्या गोणपाटात बांधल्या. नदीकाठचा नागपंचमीचा आंबा कुणाला नेता येणार होता? मला वाटतं, पुनर्वसनाच्या यादीत घर, जमीन, विहीर, झाडं यांची किंमत लागते, पण त्या आंब्याची लागली असेल तर आंब्याच्या उत्पन्नाची लागली असेल.

नव्या जागी आधी पत्र्याचं शेड. लोखंडी अँगलवर पत्रे, त्याला झोपाळा टांगला तर सगळं शेडच डोलायचं. कड्या बरीच वर्षं पोत्यात राहिल्या. मधल्या काळात त्यातल्या दोन म्हशीच्या गोठ्यात दावं अडकवायला कामाला आल्या.

पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला, टोमॅटोचे एक-दोन चांगले भाव लागले आणि मामानं स्लॅबचं घर काढलं. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी तो मिस्त्रीला म्हणाला, "झोपाळ्याचं हूक सोडा." मिस्त्री म्हणाला, "फॅनचं हूक हायेच की." मामानं ऐकलं नाही आणि ते बरं झालं. पंख्याचं हूक बारक्या गजाचं असतं, पंख्याचं वजन असतं किती! झोपाळ्यासाठी १६ मिलिमीटरचा, गवंड्यांच्या भाषेत पाच सुती, साधा गुळगुळीत गज घेतला. पिळाचा गज अशा अरुंद वळणावर तडकतो. तो यू आकारात वाकवून, पाय बाहेरच्या बाजूला मुडपून, बीमच्या खालच्या मुख्य गजांच्या वरून घेतला आणि तारेनं बांधला. बीममध्ये, स्लॅबच्या मधोमध नाही. दोन हुकांमधलं अंतर फळीच्या कड्यांपेक्षा चार बोटं जास्त ठेवलं, म्हणजे झोपाळा आडवा हेलकावत नाही.

ज्यांनी हे आधी केलं नाही ते मग ड्रिलनं भोक पाडून फास्टनर मारतात. आमच्या एका नातेवाइकांकडं असाच झोपाळा होता. फास्टनर भिंतीतल्या कपाटाला चांगला, पण डोक्यावर, रोज हलणाऱ्या वजनाला नाही. दोन वर्षांनी एक बाजू सुटली, त्यांच्या मुलीचं मनगट मोडलं. एस आकाराचे उघडे हूक तर त्याहून वाईट, हळूहळू उलगडतात आणि कुणाचं लक्षच नसतं. २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, तेव्हापासून शेतावरच्या मुक्कामाच्या ठिकाणी झोके फार झालेत. मी आत गेलो की आधी वर बघतो.

मामानं एकवीस दिवस पाणी मारून, सेंट्रिंग काढून, वर महिना जाऊ दिला. मग दोन्ही हुकांना बाजरीची एकेक क्विंटलची पोती रात्रभर टांगून ठेवली. सकाळी हुकाभोवती तडा नाही, हे बघून जुन्या कड्या चढवल्या. तर फळी उंच राहिली. जुनी ओसरी ठेंगणी होती, हे घर दहा फुटांचं. मामा म्हणाला, चालतंय, उडी मारून बसू.

आजी दारातून बघत होती. आजोबा जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. ती पुढं आली आणि फळीला पाठ लावून उभी राहिली. फळी तिच्या कमरेला लागली. "पाय टेकत नाय माझं," ती म्हणाली.

लोहाराचा भाता गावात राहिला नव्हता. मंचरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून चार नव्या कड्या करून आणल्या, प्रत्येक साखळीला एक. त्या गोल, गुळगुळीत, जुन्या चपट्या कड्यांशी मेळ न खाणाऱ्या. सांध्यावरचा वेल्डिंगचा गठ्ठा मामानं कानशीनं घासला, बोटाला लागू नये म्हणून. फळी जमिनीपासून दीड फुटावर आली. कुरकुर अजूनही त्या चार नव्या कड्यांतूनच येते.