नकली संगमरवराची खरी गोष्ट

बँकेतल्या नोकरीत ‘नकली’ हा शब्द मी जितक्या वेळा ऐकला तितका दुसरा कुठला ऐकला नसेल. कॅश काउंटरला असताना नोट उजेडाकडे धरून बघायची, पुढे सोनेतारणाचं काम आलं तेव्हा सराफाने कसोटीवर ओढलेल्या रेघेकडे बघायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर वाचता वाचता रंगाने दगड आणि लाकूड ‘करण्याचा’ इतिहास हाती लागला, तेव्हा त्यात मी जरा जास्तच रमलो. साध्या गिलाव्याच्या भिंतीला असा रंग द्यायचा की ती संगमरवराची वाटावी, किंवा स्वस्त लाकडाच्या दारावर अशा रेषा उठवायच्या की ते महोगनीचं वाटावं. पहिल्याला मार्बलिंग म्हणतात, दुसऱ्याला ग्रेनिंग. आपले पेंटर ‘मार्बल फिनिश’ आणि ‘वुड फिनिश’ म्हणतात. आपल्या सोसायटीत यंदा हा विषय का निघाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर शेवटी येतोच. आधी जरा लांबून सुरुवात करतो.

इटलीतलं पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. राख वाईटच, पण तिने भिंती जपून ठेवल्या. आउगुस्ट माऊ नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये तिथल्या भिंतींवरच्या रंगकामाचे चार प्रकार पाडले, ते आजही मानले जातात. त्यातला पहिला, म्हणजे सगळ्यात जुना प्रकार हाच : नकली संगमरवर. गिलाव्यातच चौकोनी ठोकळे उठवायचे, मधे सांधे ठेवायचे आणि प्रत्येक ठोकळा वेगळ्या जातीच्या दगडासारखा रंगवायचा. कुठे पिवळा, कुठे लालसर, कुठे हिरवा.

आता कोणी म्हणेल, ऐपत नसलेल्यांचा हा उद्योग असणार. तसं नव्हतं. पॉम्पेईत ‘हाऊस ऑफ द फॉन’ नावाने ओळखलं जाणारं घर आहे. एक अख्खा चौक त्या एका घराने व्यापलेला. सिकंदराच्या लढाईचं जगप्रसिद्ध मोझेक याच घराच्या जमिनीत सापडलं. त्या घराच्या भिंती याच पहिल्या प्रकारच्या, आणि शहर गाडलं गेलं त्या वेळी तिथलं ते काम बऱ्याच पिढ्यांचं जुनं झालेलं होतं. नव्या फॅशनी येऊन गेल्या तरी मालकांनी ते खरवडलं नाही. आपल्याकडे जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा जसा मुद्दाम ठेवतात तसंच काहीसं.

रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस याने इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात वास्तुकलेवर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागात भिंतींचं प्रकरण आहे. गिलावा कसा करायचा हे तो इतकं बारकाईने सांगतो की आपल्या कंत्राटदारांना वाचायला द्यावं. आधी खरबरीत थर, त्यावर वाळूच्या चुन्याचे तीन थर, त्यावर संगमरवराच्या भुकटीचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक, आणि मग घोटाई. आपण दोन हात पुट्टी मारून मोकळे होतो! रंगकामाबद्दल तो म्हणतो की जुन्या लोकांनी सुरुवात केली ती संगमरवराच्या फरशांची नक्कल करण्यापासून. त्याला त्यात काही गैर वाटत नाही. त्याचा राग आहे तो नव्या पोरांवर, जे वेताच्या काडीवर देऊळ आणि फुलाच्या देठावर माणूस काढतात. जे जगात नाही आणि असूच शकत नाही ते भिंतीवर कशाला, असा त्याचा सवाल. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मधली बरीच शतकं मी ओलांडतो. रोमच्या सिस्टाइन चॅपेलचं छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं. त्यातल्या आकृती सगळे बघतात, पण त्यांच्याभोवतीच्या दगडी कमानी आणि कंगोरे हेही रंगच आहेत, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. रोममध्येच सांत इग्नात्सिओ चर्चला घुमट बांधायचा राहून गेला, तेव्हा आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट चित्रकाराने १६८५ मध्ये सपाट कापडावर घुमट रंगवून वर बसवला. तो नीट दिसावा म्हणून कुठे उभं राहायचं याची खूण जमिनीवर केलेली आहे. म्हणजे फसवणाऱ्यानेच ‘इथे उभे राहा, म्हणजे फसाल’ असं सांगून ठेवलंय.

जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट तर मला फारच आवडते. अमेरिकेचा हा पहिला अध्यक्ष, व्हर्जिनियात पोटोमॅक नदीकाठी माउंट व्हर्नन इथे त्याचं घर. बाहेरून पाहिलं तर दगडी चिऱ्यांचं. प्रत्यक्षात सगळं पाइनच्या फळ्यांचं! फळ्यांच्या कडा तासून चिऱ्यांसारखे सांधे पाडले, त्यावर रंग दिला आणि रंग ओला असतानाच त्यावर बारीक वाळू फेकली. वाळली की दगडाचा खरखरीतपणा येतो. आत १७९७ मध्ये मधल्या दालनाचं लाकूडकाम महोगनीसारखं रंगवून घेतलं. माणूस पैसेवाला, हजारो एकर जमीन, राबायला शेकडो गुलाम. आणि याच्याबद्दल लहानपणी आपण काय गोष्ट ऐकलेली? खोटं बोलता येत नाही म्हणून चेरीचं झाड तोडल्याची कबुली देणारा मुलगा. ती गोष्ट एका चरित्रकाराने मागाहून रचलेली, पण घराच्या भिंती आजही उभ्या आहेत. कोणी वॉशिंग्टनला त्यावरून खोटारडा म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

या कलेचा खरा बहर आला तो एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. शहरं वाढत होती, घरं धडाधड बांधली जात होती, आणि दारं-खिडक्या होत्या स्वस्त पाइनच्या. ओक आणि महोगनी परवडणार कोणाला? मग ग्रेनर नावाचा कारागीर लागायचा. त्याची पद्धत सांगण्यासारखी आहे. आधी फिकट बदामी रंगाचा तळ, तो अगदी वाळू द्यायचा. त्यावर अळशीचं तेल, टर्पेंटाइन आणि रंग यांचा पातळ, पारदर्शक हात. तो ओला असेपर्यंतच सगळा खेळ. पोलादी आणि चामड्याच्या फण्या त्यातून ओढायच्या की लांब रेषा पडतात. ओकच्या लाकडात आडवे चकाकते पट्टे असतात, ते काढायला अंगठ्याला कापड गुंडाळून रंग पुसून घ्यायचा. काही जण तेलाऐवजी शिळ्या बिअरमध्ये रंग कालवत, कारण ती पटकन वाळते आणि रंग धरून ठेवते. (बिअर ताजी असताना त्या कारागिरांनी काय केलं असेल, ते सुज्ञ वाचकांनी ताडावं.) संगमरवराच्या शिरा पक्ष्याच्या पिसाने ओढायच्या आणि बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांच्या मऊ ब्रशने नुसत्या हलकेच फुलवायच्या, म्हणजे त्या दगडाच्या आत गेल्यासारख्या दिसतात. शेवटी वार्निश.

या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस थॉमस केरशॉ. जन्म १८१९, मृत्यू १८९८, लँकशायरचा. बोल्टन गावात पेंटरच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग लंडनला आला. १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जे मोठं प्रदर्शन भरलं त्यात त्याच्या रंगवलेल्या फळ्यांना पदक मिळालं, १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनातही मिळालं. लाकूड आणि दगड या दोन्हींत त्याचा हात चालायचा. त्याच्या फळ्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आणि बोल्टनच्या म्युझियममध्ये आहेत. विचार करा, नकली लाकूड ‘अस्सल केरशॉ’ म्हणून जपलं जातंय! त्याच काळात बकिंगहॅम पॅलेसच्या ब्लू ड्रॉइंग रूममधले खांब ऑनिक्स दगडासारखे रंगवले गेले. गंमत म्हणजे मुळात ते खांबही दगडाचे नव्हते. जिप्सम, सरस आणि रंग यांच्या मिश्रणातून संगमरवरासारखा माल तयार करतात, त्याचे होते. म्हणजे नकलेवर नक्कल, आणि तीही राणीच्या घरी.

याच दिवसांत जॉन रस्किन उभा राहिला. महात्मा गांधींना ज्याच्या ‘अनटू धिस लास्ट’ने झपाटलं, तोच हा रस्किन. १८४९ मध्ये त्याने ‘द सेव्हन लँप्स ऑफ आर्किटेक्चर’ हे पुस्तक लिहिलं. त्यातला एक दिवा ‘सत्याचा’. लाकडाला संगमरवरासारखं रंगवणं म्हणजे सरळ सरळ असत्य, असं त्याचं म्हणणं. लंडनमधल्या दुकानांच्या दर्शनी बाजू संगमरवरासारख्या रंगवण्यात जाणारा वेळ आणि पैसा बघून तो हळहळला. विटांवर गिलावा करून चित्र काढलं तर त्याची हरकत नाही, पण त्याच गिलाव्यावर दगडाचे सांधे आखले की ते खोटं. व्हिट्रुव्हियस चिडला होता तो रंगकाम खऱ्यासारखं नाही म्हणून, आणि रस्किन चिडला तो खऱ्यासारखं आहे म्हणून. पेंटरने करावं तरी काय?

पण रस्किनचा एक मुद्दा मला बँकवाला म्हणून फार पटला. तो सोन्याच्या मुलाम्याबद्दल लिहितो. इमारतीवरचा मुलामा ही फसवणूक नव्हे, कारण तिथे कोणी त्याला सोनं समजत नाही. दागिन्यावरचा मुलामा मात्र फसवणूक, कारण तिथे सोनंच समजलं जातं. आता हे मी बँकेच्या भाषेत सांगतो. एक ग्रॅमचा हार घालून बाई लग्नाला गेल्या तर कोणाचं काय बिघडलं? तोच हार तारण ठेवायला काउंटरवर आणला की तो गुन्हा. वस्तू तीच, हार तोच. तिच्यावर कोणी पैसे दिले का, एवढाच प्रश्न. हा निकष रस्किनने रंगवलेल्या लाकडालाही लावला असता तर त्याचा निम्मा राग शांत झाला असता, असं मला वाटतं. वॉशिंग्टनने ते घर दगडाचं म्हणून कोणाला विकलं नव्हतं.

ग्रेनरचा धंदा रस्किनने बुडवला नाही. तो बुडवला छपाईने. १९१३ मध्ये अमेरिकेत एक कंपनी निघाली. विजेच्या कामात लागणाऱ्या अभ्रकाला, म्हणजे मायकाला पर्याय देणारा तक्ता तिने केला. ‘फॉर मायका’ म्हणून नाव पडलं फॉर्मायका. कागदाचे थर राळेत भिजवून उष्णतेने दाबायचे, आणि सगळ्यात वरच्या कागदावर लाकडाच्या किंवा दगडाच्या रेषा छापायच्या. आपला सनमायका त्याच जातीचा. तरीही हाताचं काम एकदम थांबलं नाही. इंग्लंडच्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे डबे आधी वार्निश केलेल्या सागाचे असायचे. पुढे १९४०च्या दशकात पोलादी पत्र्याचे डबे आले, तर त्या पत्र्यावर हाताने सागाच्या रेषा रंगवून घेतल्या. प्रवाशांना साग बघायची सवय होती ना.

आपल्या देशात मात्र ही कला वेगळ्या वळणाने गेली. राजस्थानातली अराईश घ्या. चुना आणि संगमरवराची भुकटी यांचे थर अकीक दगडाने घोटत राहायचे, मग खोबरेल चोळायचं. भिंत आरशासारखी होते. मद्रासचा शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, चेट्टिनाडचा अंड्याचा पांढरा बलक घातलेला गिलावा, यांचीही तीच जात. आपल्याकडच्या वाड्यांतही चुना घाणीत मळून त्यात गूळ, बेलफळ घालायचे. या कामांत दगडाच्या शिरा काढण्याचा सोस नाही, दगडाची झळाळी मिळवण्याचा आहे. व्हिट्रुव्हियसला हे गवंडी नक्की आवडले असते.

आता आपल्या लॉबीबद्दल. रौप्यमहोत्सवाच्या रंगकामात प्रवेशद्वाराजवळच्या दोन आरसीसी खांबांना पेंटरने संगमरवरासारखा रंग दिला. काही सभासदांना तो आवडला, काहींना नाही. येत्या सर्वसाधारण सभेत ‘नकली काम काढून खांबांना ग्रॅनाइट बसवावा’ असा ठराव येतो आहे. ठराव मांडणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण एक विचारतो. आपल्यापैकी बहुतेकांनी घरात व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून घेतल्या. त्यांच्यावरच्या शिरा कोणत्या खाणीतून आल्या? सगळ्या छापलेल्या. खात्री करायची असेल तर हॉलमध्ये खाली बसून नीट बघा. एकच डाग, त्याच आकाराचा, पाच-सहा फरशा सोडून पुन्हा सापडेल. लॅमिनेटच्या दारातली गाठही अशीच पुन्हा पुन्हा येते. लॉबीच्या खांबांवर मी चष्मा लावून शोधलं, एकही शीर दुसरीसारखी नाही. शिवाय ग्रॅनाइट म्हटला की वजन आलं, आणि तो धरून ठेवायला क्लॅम्प लावायचे तर खांबांत भोकं पाडणं आलं. पंचवीस वर्षांच्या इमारतीच्या खांबांत ड्रिल मारण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलेलं बरं. खर्चाचे आकडे खजिनदार सभेत सांगतीलच.

ते दोन खांब करायला पेंटरला चार दिवस लागले. मी रोज खुर्ची टाकून बसत होतो. साठी ओलांडलेला माणूस, हाताला किंचित कंप, पण कोंबडीचं पीस हातात आलं की कंप थांबायचा. त्याची मुलं या धंद्यात नाहीत. एक टेम्पो चालवतो, दुसरा फॉल्स सीलिंगची कामं घेतो. तिसऱ्या दिवशी त्याने खांबावर एक बारीक आडवी रेघ आखली. मी म्हटलं, “अहो, एवढं छान जमलंय, ही रेघ कशाला?” तर म्हणाला, “साहेब, खरा दगड असता तर एवढा उंच अखंड कोणी लावला असता का? इथे जोड आला असता.” व्हिट्रुव्हियस किंवा रस्किन ही नावं त्याने कधी ऐकली नसणार.

ती रेघ जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर आहे. लेटरबॉक्सच्या बाजूच्या खांबावर ती जास्त स्पष्ट दिसते, सकाळी आठच्या सुमारास, ऊन आत येतं तेव्हा.