सयामच्या दरबारीं इंग्रजीची शिकवणी

१८६२ सालच्या प्रारंभीं सिंगापूर आणि बँकॉक या दोन बंदरांच्या दरम्यान एक मोठा मजेदार पत्रव्यवहार चालू होता. एका बाजूस सयामचा, म्हणजे १९३९ पासून ज्यास थायलंड म्हणतात त्या देशाचा, राजा मोंगकुट. दुसऱ्या बाजूस त्याचा सिंगापुरांतील वकील तान किम चिंग हा भाताच्या गिरण्यांवर गबर झालेला चिनी व्यापारी, आणि बोर्निओ कंपनीचा तेथील व्यवस्थापक विल्यम ॲडमसन. वाटाघाटींचा विषय मात्र तांदूळ, साग किंवा हत्ती हा नव्हता. राजवाड्यांतील बायकामुलांना इंग्रजी शिकविण्यासाठीं एक शिक्षिका हवी होती, आणि तिला महिना शंभर डॉलर द्यावे कीं दीडशें, यावर घोडें अडलें होतें.

राजाचें म्हणणें अगदीं हिशेबी होतें. वकिलानें शंभराचा आकडा कळविला असतां ॲडमसनसाहेबांच्या पत्रांत त्याचे दीडशें कसे झाले? बाईंना मिशनरी लोकांच्या शेजारीं घर हवें, तें कशाला? त्यांनीं राजवाड्यांत किंवा अगदीं लगत राहावें, म्हणजे रोज नेण्याआणण्याचा खटाटोप वाचेल. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी कीं, बाईंनीं भाषा शिकवावी, विद्या शिकवावी, परंतु ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराच्या भानगडींत पडूं नये.

ही शेवटची अट अनुभवानें उपजली होती. मोंगकुट हा अंतःपुरांत वाढलेला ऐषआरामी राजा नव्हे. १८२४ पासून १८५१ पर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षें, त्यानें बौद्ध भिक्षूचीं वस्त्रें पांघरून काढलीं होतीं. विहारांत असतांनाच तो फ्रेंच बिशप पालेग्वा याच्यापाशीं लॅटिन आणि अमेरिकन मिशनरी कॅसवेल याच्यापाशीं इंग्रजी शिकला. ज्योतिर्गणिताचा नाद लागला तो तर जन्मभर सुटला नाहीं. सिंहासनावर बसल्यानंतर १८५१ मध्यें त्यानें तीन मिशनरी बायकांना राजवाड्यांत शिकविण्यास बोलाविलें होतें. सुमारें तीन वर्षें त्या येत राहिल्या. परंतु अक्षरांच्या धड्यांत बायबलाचा उपदेश मिसळूं लागला, आणि तो उपक्रम तेथेंच थांबला.

तरीही इंग्रजीवांचून त्याचें चालण्यासारखें नव्हतें. शेजारच्या ब्रह्मदेशाचा लचका इंग्रजांनीं १८२६ मध्यें एकदां तोडला आणि १८५२ मध्यें पुन्हां तोडला. चीनसारखा अजस्र देश अफूच्या युद्धांत गुडघे टेकून बसला. या लोकांपुढें नुसत्या तलवारीचा निभाव लागणार नाहीं, हें मोंगकुटानें ओळखलें होतें. १८५५ मध्यें सर जॉन बाउरिंग यांच्याशीं झालेल्या तहानें आयात मालावरील जकात शेंकडा तीनवर आली, आणि सयाममधील इंग्रज प्रजाजनांचा न्याय इंग्रज वकिलाकडे गेला. अशा तहांतील शब्द न् शब्द पारखून घेणारीं माणसें दरबारांत नसतील, तर राज्य लढाईवांचून कागदावरच जावयाचें. १८५७ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या भेटीस सयामची वकिलात लंडनला गेली, तेव्हां दुभाषी म्हणून मोम राचोथाई या सरदारास पाठविण्यांत आलें; त्यानें पुढें तो सारा प्रवास काव्यांत गायिला. परंतु असे जाणकार बोटांवर मोजण्याइतकेच. स्वतः राजा इंग्रजी पत्रें लिहीत असे तीं व्याकरणाला न जुमानणारीं, पण अर्थाला न चुकणारीं. अमेरिकेच्या अध्यक्षांना त्यानें १८६१ मध्यें हत्ती देऊं केले होते. आपल्या देशांत तीं कामें वाफेच्या यंत्रानें होतात, असें लिंकन यांनीं फेब्रुवारी १८६२ मध्यें मोठ्या अदबीनें उलट कळविलें. त्याच महिन्यांत राजाचें पत्र सिंगापुरांतील बाईंना गेलें.

या बाईंचें नांव ॲना लिओनोवेन्स. त्यांनीं आपली हकीकत सांगितली ती अशी: जन्म १८३४ मध्यें वेल्स देशांत, वडील कॅप्टन, शीखांशीं झालेल्या युद्धांत पडले, पति सैन्यांत मेजर, वाघाच्या शिकारींत ऊन लागून वारले. सिंगापुरांत कोणास शंका आली नाहीं, बँकॉकमध्यें आली नाहीं, आणि पुढें शंभराहून अधिक वर्षें जगालाही आली नाहीं. १९७६ मध्यें डब्ल्यू. एस. ब्रिस्टो या इंग्रज लेखकानें जुन्या नोंदी धुंडाळल्या, तेव्हां वेल्सचा मागमूस लागेना. लागला तो हिंदुस्थानचा. पुढें २००८ मध्यें सूझन मॉर्गन आणि २०१४ मध्यें आल्फ्रेड हॅबेगर यांनीं चरित्रें लिहून उरलेले धागे जुळविले.

तीं कागदपत्रें सांगतात तें असें. ॲना एडवर्ड्स हिचा जन्म नोव्हेंबर १८३१ मध्यें अहमदनगर, म्हणजे सध्यांचें अहिल्यानगर, येथें झाला. वडील टॉमस एडवर्ड्स हे मूळचे लाकूडकाम करणारे कारागीर. मुंबईच्या फौजेंत सॅपर्स पलटणींत सार्जंट झाले आणि मुलगी जन्मण्यापूर्वींच वारले. आईनें पलटणींतल्याच एका आयरिश शिपायाशीं दुसरें लग्न केलें. आईच्या आईचें तर कागदोपत्रीं नांवच नाहीं. गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरांतील बायकोचें नांव नोंदींत नसणें, याचा अर्थ त्या काळीं बहुधा एकच असे: ती या देशाची, अथवा अर्धी या देशाची, असावी. ॲना छावणीच्या बराकींत वाढली, आणि १८४९ च्या नाताळांत पुण्यास टॉमस लिऑन ओवेन्स या कारकुनाशीं तिचें लग्न लागलें. पहिली मुलगी दीड वर्षाची होऊन गेली. मग सिंगापूर, तेथून ऑस्ट्रेलिया; प्रवासांत जन्मलेला मुलगाही तेरा महिन्यांचा होऊन पर्थ येथें वारला. त्यानंतर एव्हिस नांवाची मुलगी आणि लुई नांवाचा मुलगा झाला. तेथेंही बस्तान बसेना, म्हणून पुन्हां मलायाचा रस्ता धरला. पिनांग येथें खाणावळवजा हॉटेल सांभाळीत असतां मे १८५९ मध्यें नवरा एकाएकीं वारला. त्या वेळीं ॲना सत्तावीस वर्षांची होती. पदरीं दोन लहान मुलें, माहेरचा आधार नाहीं, सासरचा पत्ता नाहीं.

येथेंच त्या खोट्या हकीकतीचा जन्म आहे, आणि तिला नुसती लबाडी म्हणून चालणार नाहीं. सिंगापुरांत त्यांनीं इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढली. शिपायाची मुलगी, कारकुनाची विधवा आणि वर रक्तांत हिंदुस्थानचा अंश, एवढें कळतें तर त्यांतल्या एका तरी साहेबानें आपली मुलगी तिच्या शाळेंत धाडली असती काय? इंग्रजी तेंच, उच्चार तेच, शिकविण्याची हातोटी तीच. परंतु गिऱ्हाईक पैसे मोजीत होतें तें कुळाकडे पाहून. बाईंनीं कुळ बदललें. वय तीन वर्षांनीं कमी केलें. सख्ख्या बहिणीशींही संबंध तोडला. (या बहिणीचा नातू पुढें बोरिस कारलॉफ या नांवानें भयपटांतला मोठा प्रसिद्ध नट झाला. सोंग घेण्याची कला घराण्यांतच असावी!) शाळा पैशानें यशस्वी झाली नाहीं, तरी शिक्षिका म्हणून बाईंचें नांव झालें, आणि तें तान किम चिंगच्या कानीं गेलें.

सौदा जमला. एव्हिसला इंग्लंडांत शाळेंत धाडून, पांच वर्षांच्या लुईसह बाई १५ मार्च १८६२ रोजीं बँकॉकला उतरल्या. घराचा प्रश्न लोंबकळतच होता, आणि राजा व बाई या दोघांपैकीं एकहि माघार घेणारें नसल्यामुळें तो बरेच दिवस धुमसत राहिला. अखेर वर्ग सुरू झाले. राजाच्या राण्या अनेक, मुलें अखेरीस मोजलीं गेलीं तीं ८२. विद्यार्थ्यांत आठ वर्षांचा राजपुत्र चूडालंकरण होता. हळूहळू बाईंकडे राजाच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचेंहि काम आलें. हें काम साधें नव्हतें. १८६३ मध्यें फ्रेंचांनीं कंबोडियावर आपलें संरक्षण लादलें, आणि सयामचा त्या देशावरील जुना हक्क १८६७ मध्यें लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशीं सुटला. अशा दिवसांत परक्या भाषेंतील एखादें विशेषण चुकलें तर त्याची किंमत जमिनीनें द्यावी लागते.

पांच वर्षांवर काम करून १८६७ मध्यें बाई प्रकृतीच्या कारणानें रजेवर गेल्या. पुढच्याच वर्षीं १८ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण झालें. राजानें त्याचें गणित स्वतः मांडलें होतें, आणि तें पाहाण्यास तो परदेशी पाहुण्यांसह वाकोच्या किनाऱ्यावर गेला. गणित बरोबर ठरलें. पण तेथील हिंवताप अंगीं लागून १ ऑक्टोबर १८६८ रोजीं तो वारला. पंधरा वर्षांचा चूडालंकरण गादीवर आला. त्यानें आपल्या बाईंना प्रेमाचें पत्र लिहिलें, मात्र परत बोलाविलें नाहीं.

नोकरी गेली, पोटाचा प्रश्न उरला. बाई अमेरिकेस गेल्या आणि १८७० मध्यें सयामच्या दरबारावर पुस्तक लिहिलें. पाठोपाठ अंतःपुरावर दुसरें. येथें मात्र त्यांचा कैवार घेणें कठीण जातें. सिंगापुरांतल्या असत्यानें कोणाचें नुकसान झालें नव्हतें. या पुस्तकांनीं ज्याचें मीठ खाल्लें त्याच राजाला लहरी आणि क्रूर ठरविलें. राजवाड्याखालीं कैद्यांच्या अंधारकोठड्या असल्याचें त्यांत लिहिलें आहे. बँकॉकची भूमि इतकी पाणथळ कीं, तेथें तळघर खणतां येणें मुष्किलीचें. एका तरुण स्त्रीला तिच्या प्रियकरासह जाहीरपणें जाळल्याची कथा आहे. पण त्या काळीं बँकॉकमध्यें असलेल्या इतर परदेशीयांच्या लिखाणांत अशा भयंकर प्रकाराचा उल्लेख सांपडत नाहीं. सत्तावीस वर्षें भिक्षु राहिलेला, तारे मोजणारा हा राजा पाश्चात्य वाचकांपुढें उभा राहिला तो रागीट विदूषक म्हणून. १९४४ मध्यें मार्गारेट लँडन यांनीं त्यावर कादंबरी रचली, १९४६ मध्यें बोलपट निघाला, १९५१ मध्यें संगीत नाटक झालें. सेनी आणि कुक्रित प्रामोज या विद्वान बंधूंनीं १९४८ मध्यें राजाचींच पत्रें पुढें ठेवून उत्तर दिलें. शंभर डॉलर कीं दीडशें, ही घासाघीस जगाला कळली ती त्या पत्रांतून. १९९९ मध्यें त्याच कथेवर निघालेल्या चित्रपटालाहि थायलंडनें बंदी केली.

शिकवणीचें फळ काय झालें, याविषयीं एकमत नाहीं. चूडालंकरण राजानें १८७३ मध्यें दरबारांत जमिनीवर लोटांगण घालण्याची चाल बंद केली, आणि १८७४ पासून १९०५ पर्यंत टप्प्याटप्प्यानें गुलामगिरी मोडली. त्याचें श्रेय बाईंनीं आपल्याकडे घेतलें. सयामी इतिहासकार तें बापाच्या धोरणाला आणि मुलाच्या शहाणपणाला देतात, आणि त्यांचेंच म्हणणें अधिक पटतें. १८७२ मध्यें हा तरुण राजा हिंदुस्थान पाहाण्यास आला आणि कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत फिरला, तो इंग्रजांचा राज्यकारभार आपल्या डोळ्यांनीं पारखण्यासाठीं. तरी १८९७ मध्यें लंडनला गेला असतां त्यानें आपल्या वृद्ध शिक्षिकेची भेट घेतली, हेंहि खरें.

बाईंनीं १८८४ मध्यें हिंदुस्थानावरहि एक पुस्तक लिहिलें. त्यांत मुंबई आहे, पुणें आहे; पण लिहिणारी आहे ती दूर देशाहून आलेली इंग्रज पाहुणी. ज्या मुलुखांत आपण जन्मलों, रांगलों, लग्न केलें, त्याचें वर्णन परक्याच्या कौतुकानें करण्याचा प्रसंग आपल्याच हातांनीं त्यांनीं ओढवून घेतला होता.

उत्तरायुष्यांत त्या कानडांत लेकीपाशीं राहिल्या. हॅलिफॅक्स येथें १८८७ मध्यें कलाशाळा स्थापण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला. लुई सयामला परतला, चूडालंकरणाच्या घोडदळांत अधिकारी झाला आणि सागाच्या व्यापारांत त्यानें चांगला जम बसविला. १९ जानेवारी १९१५ रोजीं बाई माँट्रियल येथें वारल्या. त्यांच्या समाधीच्या दगडावर त्यांचा उल्लेख मेजर लिओनोवेन्स यांची प्रिय पत्नी असा कोरलेला आहे.