दोन दात्री आणि एक पंगत

नागपुरात दानशूरांची नावे रस्त्याने चालता चालता भेटतात. कस्तुरचंद पार्कचे मैदान, स्त्रियांसाठीचे डागा रुग्णालय आणि १९३२ साली सेंट्रल कॉलेज फॉर विमेन म्हणून सुरू झालेले, आज लेडी अमृताबाई डागा यांच्या नावाने चालणारे महाविद्यालय. या शहरातल्या कित्येक पिढ्यांच्या मुली अशा देणग्यांच्या आधाराने शिकल्या, हे कुणी नाकारणार नाही. पण स्त्रीला सार्वजनिक जीवनात उभे करण्याचा सगळा इतिहास या पाट्यांवर वाचता येतो का? हा प्रश्न मला नेहमी एका जेवणाच्या पंगतीपाशी आणून सोडतो. ती पंगत नागपुरातच, १९३७ साली बसली होती. मात्र तिच्यापर्यंत पोहोचायचे तर आधी बडोद्याला जावे लागते, कारण ज्या संस्थेच्या अधिवेशनात ती बसली, तिची पहिली अध्यक्षा बडोद्याची महाराणी होती.

देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई १८८५ साली सयाजीराव गायकवाडांशी विवाह होऊन बडोद्यास आल्या आणि चिमणाबाई झाल्या. त्यांच्या आधीच्या राणी, तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई, यांचेही सासरचे नाव चिमणाबाईच. १८८० च्या त्या लग्नात नववधूसोबत तंजावरच्या नर्तकीही बडोद्यास आल्या आणि दरबाराच्या चाकरीत राहिल्या. दक्षिणेतले नृत्य त्यामुळे पश्चिम भारतात रुजले, असे कलेचे इतिहासकार कौतुकाने लिहितात. ते खरेच आहे. पण त्या कलावतींच्या बाजूने पाहिले तर त्या आंदणाबरोबर आल्या होत्या, हेही तितकेच खरे. आश्रय होता, वेतन होते. कुठे जायचे हे ठरवणारे मात्र दुसरे होते.

दुसऱ्या चिमणाबाईंनी याच राजवाड्यात राहून पुष्कळ मोठी मजल मारली. १९११ साली एस. एम. मित्रा यांच्यासह त्यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशातील स्त्रियांच्या संस्था कशा चालतात, कोणते व्यवसाय स्त्रियांना करता येतील, याचा विचार त्यात आहे. पुढे त्यांनी पडदा सोडला आणि जाहीर समारंभात महाराजांच्या शेजारी बसल्या. बडोद्यातील स्त्री उद्योगालयाला त्यांचे नाव आहे. जानेवारी १९२७ मध्ये मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकाराने पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बडोद्याच्या अध्यक्षांनंतर भोपाळच्या बेगम आल्या, त्यांच्यानंतर मंडीच्या राणी. परिषदेची पहिली तिन्ही अध्यक्षपदे संस्थानी घराण्यांत गेली.

परिषदेने सुरुवातीला स्वतःला शिक्षणापुरतेच बांधून घेतले होते. पण मुलींना शाळेत टिकवायचे तर त्यांची लग्ने लांबायला हवीत, हे लगेच लक्षात आले. बालविवाहविरोधी शारदा कायद्यासाठी परिषदेने जोर लावला आणि १९२९ साली तो संमत झाला. शिक्षणातून कायद्याकडे आणि कायद्यातून मताधिकाराकडे, अशी ती वाट आपसूकच राजकारणात शिरली. राजघराण्यांचे वजन पाठीशी नसते तर ही दारे इतक्या लवकर उघडली नसती.

डिसेंबर १९३७ मध्ये या परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. अध्यक्षस्थानी राजकुमारी अमृत कौर होत्या. श्रोत्यांत आणि वक्त्यांत जाईबाई चौधरी होत्या.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा, महार कुटुंबातला. १८९६ च्या दुष्काळात घरची मंडळी नागपूरला आली. नवव्या वर्षी लग्न झाले. संसारासाठी जाईबाईंनी हमाली केली. नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंनी त्यांना शिकण्यासाठी आधार दिला आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी मिळाली. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली आणि नोकरी गेली. तेव्हा १९२२ साली त्यांनी नवी वस्तीत मुलींसाठी संत चोखामेळा कन्याशाळा काढली.

हे नाव नागपुरात नवे नव्हते. किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ मध्येच पाचपावलीत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा सुरू केली होती. बनसोडे पत्रे काढत, कवने आणि नाटके लिहीत. त्यांच्या ‘चोखामेळा’ पत्राच्या कामात त्यांच्या पत्नी तुळसाबाईंचाही हात होता. शाळा, छापखाना, नाटक, सभा ही या वस्त्यांतली एकाच घरातली कामे होती. त्यामागे कोणत्याही संस्थानाचा खजिना नव्हता.

अधिवेशनात जाईबाई बोलल्या. नंतर जेवणाची वेळ झाली आणि सवर्ण भगिनींनी त्यांचे पान वेगळे मांडले. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी दलित स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास लिहिताना हा प्रसंग नोंदवून ठेवला, म्हणून तो आज आपल्याला माहीत आहे. व्यासपीठावर सगळ्या भगिनी होत्या. पंगतीत एक जण परकी निघाली. पण नागपूरच्या दलित स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. थोड्याच दिवसांत, १९३८ च्या आरंभी, त्यांनी निषेध सभा घेतली.

हा प्रसंग वाचला की मला बडोदाच आठवते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. ती देणगी नसती तर पुढचा इतिहास कसा घडला असता, याची कल्पनाही करवत नाही. तरीही १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढले गेले. खजिना उघडला होता, घरे बंदच होती. वीस वर्षांनी नागपुरात तेच झाले: व्यासपीठ खुले, पान वेगळे.

यावर नागपूरने दिलेले सर्वांत मोठे उत्तर २० जुलै १९४२ रोजीचे. मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित परिषदेला जोडून दलित महिलांची परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, कीर्तीबाई पाटील स्वागताध्यक्ष. २० हजारांहून अधिक स्त्रिया जमल्या, असे त्या वेळचे वृत्तान्त सांगतात. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की लग्नाची घाई करू नका, आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे.

त्या परिषदेचे ठराव वाचण्यासारखे आहेत. घटस्फोटाचा हक्क हवा. एकाहून अधिक बायका करण्यावर बंदी हवी. गिरणीतल्या कामकरी बायकांना २१ दिवसांची किरकोळ रजा, महिन्याची भरपगारी रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन हवे. मुलींसाठी सरकारी मदतीची वसतिगृहे आणि कायदेमंडळांत स्त्रियांसाठी जागा हव्यात. एम्प्रेस मिलच्या या शहरात रजेचा हिशेब ज्यांना ठाऊक होता, त्यांनीच हे ठराव केले होते. यात कुणाकडे दान मागितलेले नाही; सगळी मागणी हक्काची आहे.

चिमणाबाईंना कमी लेखण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. त्यांच्याजवळ राज्य होते आणि त्यांनी त्याचे वजन स्त्रियांच्या पारड्यात टाकले. त्यांच्या बरोबरीच्या किती जणींनी तेवढे केले? पण दात्री म्हटले की डोळ्यांसमोर फक्त महाराणी उभी राहू नये. जाईबाईंजवळ द्यायला होते ते श्रम, चार रुपयांच्या पगारावर पुरे केलेले शिक्षण आणि अपमान पचवून पुन्हा वर्गात उभे राहण्याची ताकद. ज्या मुलींना दुसऱ्या शाळेत दारातूनच परत पाठवले जाई, त्यांना त्यांनी अक्षर दिले.

जाईबाई चौधरी ज्ञानपीठ या नावाने त्यांची आठवण नागपुरात आजही नांदते आहे. कस्तुरचंद पार्कवरून जाताना डागांचे नाव जरूर वाचावे. त्याच दिवशी या दुसऱ्या पाटीसमोरही क्षणभर थांबावे, म्हणजे शहराच्या दानाचा हिशेब पुरा होतो.