फुप्फुसातले पहारेकरी

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मराठीत ‘साथ’ हा मोठा अजब शब्द आहे. माणसाला सोबत करते तीही साथ, आणि माणसांना घेऊन जाते तीही साथ!

१९१८ची साथ दुसऱ्या प्रकारची होती. जून महिन्यात इन्फ्लुएन्झा मुंबईत पोहोचला. पावसाळा सरताना त्याची दुसरी, भयंकर लाट रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता. मध्य प्रांताला फार मोठा तडाखा बसला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांदा जिल्ह्याचा भाग होता. देशभरात सव्वा ते दोन कोटी माणसे दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

एरवी फ्लू म्हातारी माणसे आणि तान्ही मुले नेतो. या साथीत मात्र वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने गेली. असे का झाले?

उत्तराचा एक धागा १८८२ सालापर्यंत जातो. मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. सकाळी पाहतो, तर काट्याभोवती भटक्या पेशींचा घेराव! शरीराला स्वतःचे पहारेकरी असतात, हे त्याने ओळखले. १९०८ साली त्याला नोबेल मिळाले.

हे पहारेकरी आपल्या फुप्फुसातही आहेत. विषाणू शिरला की ते रासायनिक हाका देतात. रक्तातून पांढऱ्या पेशी धावून येतात. काही दिवसांनी टी-पेशी येऊन विषाणूने बाधलेल्या पेशीच नष्ट करतात. बहुतेक वेळा लढाई जिंकून सारे शांत होतात. पण कधी हाका थांबतच नाहीत. आपल्याकडे वणवा अडवायला जंगलात जाळरेषा काढतात. वारा फिरला तर तीच आग रान पेटवते. तसेच इथे घडते. सूज वाढते, वायुकोशांत पाणी झिरपते आणि श्वास कोंडतो.

१९१८चा विषाणू २००५ मध्ये प्रयोगशाळेत पुन्हा घडवला गेला. २००७ मध्ये माकडांवरील प्रयोगात हाच बेताल प्रतिसाद दिसला. अर्थात, तेवढ्याने सारे कोडे सुटत नाही. त्या साथीतल्या बहुतेक मृत्यूंत विषाणूमागून शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाचाही हात होता.

२०२०च्या कोरोनात या ज्ञानाचा उपयोग झाला. पहारेकऱ्यांना आवरणारे डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. लढाई कोणत्या टप्प्यावर आहे, हे ओळखणे महत्त्वाचे.

पण रानातल्या गावात हा टप्पा ओळखायचा कसा? याचे एक उत्तर गडचिरोलीनेच दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही; जिवाणूंवर चालते. ५८ गावांत हे काम झाले, ४४ गावे तुलनेसाठी होती. वर्षभरानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर कामाच्या गावांत ८.१ होते. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन बनवले गेले.

पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. श्वास दिसतो. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतले खोकणारे मूल शांत असताना मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास घेत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.