दरकपात आणि वैद्यकव्यवसाय : एक ऐतिहासिक विवेचन

शासकीय आरोग्यविम्याचे दर घटविले असता डॉक्टर काय करतात, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी मोबदल्याच्या पद्धतीत सापडते. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यान्वये डॉक्टरास आपल्या यादीतील प्रत्येक विमेदारामागे वार्षिक ठोक रक्कम मिळत असे. अधिक तपासण्या करून तीत भर घालणे शक्य नव्हते. म्हणूनच १९२३ मध्ये शासनाने ही रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव मांडताच डॉक्टरांनी सामुदायिक राजीनाम्याची तयारी केली. अखेर १९२४ मध्ये चौकशी न्यायासनाने ९ शिलिंग हा दर ठरविला. हा प्रतिकार उघड व संघटित होता.

अमेरिकेत १९६५ मध्ये संमत झालेल्या 'मेडिकेअर' ह्या वृद्धांच्या विमायोजनेत मात्र डॉक्टरांना मुख्यतः प्रत्येक सेवेचे मूल्य निराळे देण्यात येऊ लागले. अशा व्यवस्थेत दर शासनाच्या हाती, तर सेवांची संख्या बव्हंशी डॉक्टरांच्या हाती राहते. १९७७ मध्ये कोलोराडो राज्यातील दरविभाग एकत्र करण्यात आले आणि शहरी डॉक्टरांचे दर तुलनेने उतरले. ज्यांचे दर उतरले त्यांनी सेवांचे प्रमाण वाढविले, असे थॉमस राइस ह्यांना आढळून आले. विनी यिप ह्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला न्यूयॉर्क व वॉशिंग्टन राज्यांतील हृदयशस्त्रक्रियांचा अभ्यासही हेच सुचवितो. कपातीची झळ ज्यांना अधिक लागली, त्या शल्यविशारदांनी बायपास शस्त्रक्रिया अधिक केल्या व बुडालेल्या उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग भरून काढला.

तथापि एवढ्यावरून सार्वत्रिक नियम बांधणे घाईचे ठरेल. १९९७ मध्ये देशातील अनेक दरविभागांचे एकत्रीकरण झाले. जेफ्री क्लेमेन्स व जोशुआ गॉटलीब ह्यांच्या २०१४ च्या निबंधानुसार, दरांतील २ टक्के वाढीमागे सेवा सुमारे ३ टक्क्यांनी वाढल्या. येथे दर व सेवा एकाच दिशेने गेल्या. म्हणजे गमावलेले उत्पन्न भरून काढण्याची ओढ आणि अल्प मोबदल्याचे काम टाळण्याची वृत्ती, अशा दोन प्रेरणा परस्परांविरुद्ध कार्य करतात. त्यांपैकी कोणती बळावेल, हे परिस्थितीवर अवलंबून असते.

शासनाने ह्यावर योजिलेला उपाय फसला. १९९७ च्या कायद्याने एकूण खर्चास मर्यादा घालून, ती ओलांडल्यास सर्वांचेच दर घटविण्याचे ठरविले. परंतु संयम पाळणाऱ्या एकट्या डॉक्टरास त्यातून काहीच लाभ नव्हता. २००२ मध्ये प्रत्यक्ष कपात झाली. त्यानंतरच्या कपाती काँग्रेसने वारंवार टाळल्या आणि २०१५ मध्ये ते सूत्रच रद्द केले.

ह्या इतिहासातील खरा प्रश्न खर्चाचा नसून विश्वासाचा आहे. राजीनाम्याची धमकी सर्वांना ऐकू येते. वाढलेली अथवा नाकारलेली सेवा मात्र रुग्णास ओळखता येत नाही. आपल्यावरील उपचार रोगाने ठरविला की दराने, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.